कुजबुज म्हणजे विश्रांती नव्हे
‘आवाज बसला तर दोन-तीन दिवस कुजबुजत बोला’ हा आवाज बसण्यावरच्या लेखातला सल्ला मला पटला नाही. मी नंदुरबारजवळ शिक्षक आहे. मिरच्या पथारीवर (वाळवायच्या मोकळ्या जागेवर) वाळत पडल्या की खकाणा थेट वर्गात येतो. गेल्या हिवाळ्यात घसा बसला आणि मी आठवडाभर कुजबुजत शिकवलं. पोरं विचारायची, “गुरुजी, तुमना आवाज कथा गया?” (कुठे गेला?) महिना झाला तरी तेच! शेवटी डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, तर स्वरतंतूंवर गाठी. कुजबुजतानाही घशाचे स्नायू आवळले जातात म्हणे. त्यापेक्षा गप्प बसा किंवा हळू पण मोकळ्या आवाजात बोला.

आणि 3 आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला राहिला तर तपासणी करायला हवीच, विशेषतः तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांनी. लेखात ते कुठेच नाही, हळद-दुधाला मात्र 2 परिच्छेद!