‘नेटकरी’ला अशुद्ध म्हणण्याआधी

फेब्रुवारी लागला, मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की ‘नेटकरी हा भ्रष्ट शब्द टाळा’ असा एक मजकूर गटागटांतून फिरायला लागतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: हा शब्द म्हणजे ‘नेटिझन’चं ओबडधोबड भाषांतर, ‘करी’ म्हणजे करणारा, तेव्हा नेटकरी म्हणजे जाळं विणणारा, वापरणारा नव्हे, इंग्रजी शब्दाला मराठी प्रत्यय लावणं चूक, शब्द कोशात नाही, आणि त्याला टवाळखोरीचा वास आहे. मी मुद्रितशोधन करते. हा शब्द रोज माझ्या नजरेखालून जातो, आणि त्याच्यावरचे हे आरोप वाचून मला दरवेळी वाईट वाटतं.

‘करी’पासूनच सुरुवात करते, कारण खरी गंमत तिथे आहे. वारकरी वारी करतो, हे बरोबर. पण गावकरी गाव करतो का? तो गावात राहतो. भाडेकरी भाडं देऊन राहतो. वाटेकऱ्याचा वाटा असतो, मानकऱ्याला मान असतो, माळकऱ्याच्या गळ्यात माळ असते. टाळकरी टाळ वाजवतो, तो घडवणारा वेगळाच कारागीर. म्हणजे एखाद्या गोष्टीशी ज्याचं रोजचं नातं आहे, जो तिथे नांदतो, तिच्यावर जगतो किंवा ती बाळगतो, त्याला मराठी ‘करी’ लावते. नेटवर वावरणाऱ्याला ‘नेटकरी’ म्हणणं हे ‘गावकरी’ला धरूनच झालं.

‘नेटिझन’चं भाषांतर? मुळीच नाही. तो इंग्रजी शब्द ‘नेट’ आणि ‘सिटिझन’ यांचा सांधा. तो रुजवला अमेरिकेतल्या मायकेल हाउबेन यांनी, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला. कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना त्यांनी युजनेटवर, म्हणजे तेव्हाच्या ऑनलाइन चर्चागटांच्या जाळ्यावर, लोकांना प्रश्न विचारले, आणि आलेल्या उत्तरांतून त्यांना दिसलं की अनोळखी माणसं एकमेकांना विनामोबदला मदत करताहेत, हे जाळं आपलं समजून त्याची काळजी घेताहेत. अशा माणसांसाठी त्यांनी ‘नेटिझन’ वापरला. नेटवर आलेला प्रत्येक जण नेटिझन नव्हे, स्वतःच्या फायद्यापुरता आलेला तर नव्हेच, असं त्यांचं म्हणणं होतं. रोंडा हाउबेन यांच्यासोबतचं त्यांचं पुस्तक १९९७मध्ये छापून आलं. त्या शब्दात नागरिकत्व आहे, कर्तव्य आहे. भाषांतरच करायचं असतं तर ‘नेटनागरिक’ झालं असतं. मराठीने तो रस्ता सोडला आणि नव्या माणसाला शेतकरी-वारकऱ्यांच्या पंगतीत बसवलं.

दक्षिण कोरियातही असंच घडलं. तिथे ‘नेटिझन’ जसाच्या तसा रुळला होता. २००४मध्ये तिथल्या राष्ट्रीय भाषा संस्थेच्या उपक्रमातून त्याऐवजी ‘नुरिक्कुन’ पुढे आला. ‘नुरी’ म्हणजे जग आणि ‘क्कुन’ हा लाकूडतोड्या, शिकारी यांच्या नावांत येणारा प्रत्यय. त्यांनाही कष्टकऱ्यांचाच प्रत्यय जवळचा वाटला, हे मला फार आवडतं.

आता संकराचा आक्षेप. मास्तरीण, डॉक्टरकी हे शब्द आपण कधीपासून वापरतोय; परका शब्द, मराठी शेपूट. ‘जिल्हाधिकारी’तला जिल्हा अरबी, अधिकारी संस्कृत, आणि हा सरकारी पाटीवरचा शब्द. ‘गैरसमज’मधला गैरही अरबीच. त्या मजकुरात शुद्ध म्हणून सुचवलेला ‘जालनिशी’ (म्हणजे ब्लॉग) घ्या. मला तो शब्द आवडतो, पण त्यातली ‘निशी’ रोजनिशीतली, म्हणजे फारसी. ‘जालनिशी’ चालते तर ‘नेटकरी’ का नको?

इथे आपल्या बाजूच्या लोकांचीही एक चूक सांगायला हवी. ‘नेटकरी’तला नेट हा ‘नेटाने’, ‘नेटका’ यांतला अस्सल मराठी नेट आहे, असं काही जण हिरिरीने लिहितात. तसं नाही. हा इंटरनेटमधलाच नेट आहे. तो परका आहे हे मान्य करूनही शब्द मराठी ठरतो, कारण तो मराठीसारखा चालतो. मुद्रितं तपासताना हे डोळ्यांना दिसतं. ‘नेटिझन्सनी’ लिहिलं की आधी इंग्रजी अनेकवचनाचा ‘स’ आणि त्यावर मराठी ‘नी’, अशी दोन ओझी एका शब्दावर. ‘नेटकऱ्यांनी’ मात्र ‘शेतकऱ्यांनी’सारखाच वळतो, तोच आडवा ‘ऱ्य’ घेऊन. उद्या कुणी ‘नेटकरीण’ म्हणालं तरी कुणाला अडखळायला होणार नाही.

कोशाचं म्हणाल तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळातला, आणि भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ला. त्यात हा शब्द सापडेलच कसा?

टवाळखोरीचा आरोप मात्र मी झटकून टाकणार नाही. ‘नेटकऱ्यांनी झोडपलं’, ‘नेटकरी भडकले’ अशी शीर्षकं रोज येतात आणि पुष्कळदा खाली चार-पाच प्रतिक्रियांपलीकडे काही नसतं. त्यामुळे शब्दाला चिडक्या जमावाची छटा आली आहे, हे खरं. पण हा दोष बातमीचा. चार जण बोलले असतील तर ‘चौघांनी टीका केली’ असं लिहावं. मी तशी दुरुस्ती सुचवते, कधी ती स्वीकारतात, कधी नाही.

माझे मामा निफाडजवळ कांदा पिकवतात. सकाळी चहा होण्याआधी मोबाईलवर लासलगावचा भाव बघतात, मग ट्रॅक्टर काढायचा की आणखी दोन दिवस थांबायचं ते ठरवतात. आयुष्यात त्यांनी कुणाला ट्रोल केलेलं नाही. गेल्या दिवाळीत मी त्यांना म्हटलं, “मामा, तुम्हीसुद्धा नेटकरीच की.” अर्थ विचारावा लागला नाही त्यांना. म्हणाले, “हो, रेंज असेल तेवढा वेळ.”