येशूची ओळख निकियात ठरली का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. नाताळापूर्वीच्या आगमनकाळानिमित्त मी लिहीत असलेली चिंतने आपण निपाणीत बसून लक्षपूर्वक वाचलीत आणि आपला विरोध स्पष्ट शब्दांत कळवलात, याबद्दल मनापासून आभार. आपल्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देणे हा तिचा अनादर झाला असता, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात मांडतो. येशूच्या जन्माची हकिकत बायबलमधील त्याच्या चार चरित्रांपैकी, म्हणजे शुभवर्तमानांपैकी, मत्तय आणि लूक या दोनच शुभवर्तमानांत आहे आणि त्या दोन्हींचा मेळ बसत नाही. शुभवर्तमानकार मार्क आणि मंडळ्यांना पत्रे लिहिणारा प्रेषित पौल तिच्याविषयी गप्प आहेत, तेव्हा ती मागाहून रचलेली असावी. २५ डिसेंबर ही तारीखही खरी नव्हे. येशूला देव ठरवले ते ३२५ साली निकिया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेत, रोमी सम्राट कॉन्स्टंटाइनच्या दडपणाखाली आणि बहुमताने. त्याआधी तो एक थोर गुरू होता, बसवण्णांसारखा, तुकोबांसारखा. शेवटी आपण विचारता, की भाषा आणि जात यांवरून होरपळलेल्या या सीमाभागात गव्हाणीपुढे हात जोडण्यापेक्षा त्याची शिकवण आचरणात आणा, असे मी का लिहीत नाही.

तारखेबाबत आपले म्हणणे मला मान्य आहे. शुभवर्तमानांत तारीख दिलेलीच नाही. २५ डिसेंबरची खात्रीलायक नोंद रोममधील ३५४ सालच्या एका संकलनात सापडते, आणि आर्मेनियन मंडळी (चर्च) आजही ६ जानेवारीलाच ख्रिस्तजन्म साजरा करते. माझ्या श्रद्धेचा कोणताही भाग या तारखेवर उभा नाही.

दोन वृत्तांतांमधील फरकही मी झाकत नाही. लूक रोमी सुभेदार क्विरीनियाच्या नावनिशीचा, म्हणजे जनगणनेचा, उल्लेख करतो. इतिहासाला ठाऊक असलेली त्याची नावनिशी इ.स. ६ मधली आहे, तर ज्याच्या कारकिर्दीत येशू जन्मला असे सांगितले जाते त्या हेरोद राजाचा मृत्यू साधारणपणे इ.स.पूर्व ४ मध्ये धरला जातो. ही अडचण खरी आहे आणि सर्वांना पटेल असा तिचा उलगडा अजून झालेला नाही. परंतु आपण इतिहासाचे शिक्षक आहात, म्हणून एक गोष्ट आपल्यापुढे ठेवतो. मत्तयाजवळ पूर्वेकडून आलेले ज्ञानी, मागी लोक आहेत, हेरोदाचा कोप आहे, मिसर देशातले पलायन आहे. लूकजवळ मेंढपाळ आहेत, गव्हाणी आहे, मंदिरातले म्हातारे शिमोन आणि हन्ना आहेत. एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिले असते तर इतका फरक राहिला नसता. तरीही बेथलेहेमातला जन्म, हेरोदाची कारकीर्द, दाविदाच्या घराण्यातल्या योसेफाशी मरीयेची झालेली मागणी, पवित्र आत्म्याच्या योगे झालेली गर्भधारणा, देवदूताने आधीच सांगितलेले येशू हे नाव आणि नासरेथात गेलेले बालपण या गोष्टी दोघांकडेही आहेत. दोन स्वतंत्र साक्षीदार तपशिलात वेगळे आणि मुख्य गोष्टीत एक असतील, तर ती मुख्य गोष्ट त्या दोघांच्याही आधीपासून मंडळीत सांगितली जात होती, असेच मानावे लागते. पौलही अगदी गप्प नाही. देवाने आपल्या पुत्राला पाठवले आणि तो स्त्रीपासून जन्मास आला, हे तो गलतीकरांस लिहितो. रोमकरांस लिहिताना त्याला दाविदाचा वंशज म्हणतो.

आता निकिया. आपल्या प्रतिक्रियेचा खरा कणा हाच आहे आणि माझा खरा मतभेदही येथेच आहे.

येशूला वधस्तंभावर दिले गेले ते इ.स. ३० च्या सुमारास. पौलाने करिंथकरांस पहिले पत्र लिहिले ते साधारण ५५ च्या सुमारास, म्हणजे ज्यांनी येशूला डोळ्यांनी पाहिले होते अशी माणसे हयात असताना. प्रभू आपला देव एकच आहे, हे इस्राएलाचे सर्वांत पवित्र वचन पौलाने लहानपणापासून म्हटलेले होते. तोच पौल या पत्रात लिहितो, की आपला एकच देव आहे, तो पिता. आणि एकच प्रभू आहे, तो येशू ख्रिस्त, ज्याच्या द्वारे सर्व काही झाले. एका कडव्या एकेश्वरवादी यहुद्याने त्या वचनाच्या आत येशूला स्थान द्यावे, ही गोष्ट किती मोठी आहे हे आपण शांतपणे पाहावे. फिलिप्पैकरांच्या पत्रात तर पौल, देवाच्या स्वरूपात असून दासाचे रूप घेणाऱ्या आणि वधस्तंभापर्यंत नम्र होणाऱ्या ख्रिस्ताविषयी काव्यमय भाषेत लिहितो. त्या ओळी पौलाच्याही आधी उपासनेत गायिल्या जात असाव्यात, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. मार्काने जन्मकथा दिली नाही हे खरे. परंतु त्याच्या दुसऱ्याच अध्यायात येशू पक्षाघाती माणसाला त्याच्या पापांची क्षमा झाल्याचे सांगतो, आणि देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो, असा शास्त्र्यांचा आक्षेप मार्कच नोंदवतो.

ख्रिस्ती नसलेल्या माणसाची साक्ष हवी असेल तर प्लिनीची घ्यावी. बिथुनिया प्रांताचा हा रोमी सुभेदार इ.स. ११२ च्या सुमारास सम्राट ट्राजनला कळवतो, की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी एकत्र जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याची स्तोत्रे गातात. ही माहिती पक्की करण्यासाठी त्याने मंडळीत सेविका म्हणवल्या जाणाऱ्या दोन गुलाम स्त्रियांचा छळ केला. हे पत्र वाचताना मी दर वेळी त्या दोघींपाशी थांबतो. त्यांची नावे प्लिनीने लिहिली नाहीत. त्यांच्या पाठीशी सम्राट नव्हता, परिषद नव्हती, बहुमतही नव्हते. आणि ज्या विश्वासासाठी त्यांनी हे सोसले, तो निकियाच्या दोनशेहून अधिक वर्षे आधीचा होता.

मग निकियात झाले काय? अलेक्झांड्रियाच्या आरियस या धर्मगुरूचे म्हणणे होते की पुत्र हा सर्व सृष्टीच्या आधीचा आणि सर्वश्रेष्ठ असला, तरी तो निर्माण केलेला आहे, आणि तो नव्हता असा काळ होता. येशू केवळ माणूस होता, असे त्या परिषदेत आरियसही म्हणत नव्हता. वाद होता तो पुत्र पित्याशी एकतत्त्व, म्हणजे एकाच देवतत्त्वाचा, आहे की नाही, याचा. जमलेल्या अडीचशे ते तीनशे बिशपांपैकी दोघांनी शेवटपर्यंत सही दिली नाही. काठावरचे बहुमत ते हे नव्हे. शिवाय ३०३ साली सम्राट डायोक्लेशनने सुरू केलेला ख्रिस्ती लोकांचा छळ सोसलेली ही पिढी होती. सम्राटाची मर्जी सांभाळून नवा देव घडवणारी माणसे तुरुंगात जात नाहीत.

दडपणाविषयी म्हणाल, तर परिषद कॉन्स्टंटाइनने बोलावली आणि तिचा निर्णय व्हावा अशी त्याची इच्छा होती, हे खरेच आहे. परंतु पुढचा इतिहास आपल्या तर्काच्या उलट जातो. ३३७ साली मृत्युशय्येवर कॉन्स्टंटाइनला बाप्तिस्मा दिला तो आरियसच्या बाजूने झुकलेल्या बिशपाने. त्याचा मुलगा कॉन्स्टंटियस याने निकियाच्या विरोधकांना बळ दिले, आणि निकियाचा पक्ष मांडणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनासियसला आयुष्यात पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. राजसत्तेने ठरवायचे असते तर आज आपण उपासनेत वेगळाच मतांगीकार (विश्वासाची कबुली) म्हटला असता. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत निकियाचा निर्णय पुन्हा कायम झाला, तोवर तो सामान्य विश्वासणाऱ्यांनी आणि छळ सोसणाऱ्या मंडळ्यांनी तगवला होता.

बसवण्णा आणि तुकोबा यांच्याविषयी मला नितांत आदर आहे आणि बेळगावात वाढलेल्या माणसाला तो असायलाच हवा. परंतु त्यांच्याशी केलेली तुलना त्यांनाच मान्य झाली नसती, असे मला वाटते. बसवण्णांच्या वचनाच्या अखेरीस कूडलसंगमदेवाचे नाव येते. तुकोबा स्वतःचे नाव घेतात ते विठ्ठलाचा दास म्हणून. दोघेही स्वतःला बाजूला करून देवाकडे बोट दाखवतात. डोंगरावरच्या प्रवचनात येशू मात्र, पूर्वजांना असे सांगितले होते, पण मी तुम्हांस सांगतो, अशा शब्दांत बोलतो, आणि अन्यत्र कष्टी व भाराक्रांत जनांना स्वतःकडेच बोलावतो. जो केवळ गुरू आहे त्याने असे बोलू नये. आणि बोललाच तर त्याला थोर गुरू तरी कसे म्हणावे? शिकवण ठेवून ओळख बाजूला काढू म्हटले, तर शिकवणीचा आधारच निसटतो.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तरही मला येथेच मिळते. चिकोडी, रायबाग, अथणीच्या पट्ट्यात नोव्हेंबरपासून गळीत हंगाम सुरू होतो आणि बीडकडून, विजयपूरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे दिवस भरत आलेली बाईसुद्धा गावी थांबू शकत नाही. फडाच्या कडेला पाचटाने शाकारलेल्या कोपीत, बैलांपुढे टाकलेल्या वाढ्यांपासून हातभर अंतरावर, लुगड्याच्या झोळीत निजलेले तान्हे मूल आमच्या मंडळीतील बायकांनी आणि मी पाहिले आहे. वरून आलेल्या हुकमामुळे दिवस भरलेल्या अवस्थेत परगावी जावे लागलेली मरीया आणि गव्हाणीत ठेवलेले तिचे बाळ मला त्या कोपीपाशी समजले, तितके कोणत्याही टीकाग्रंथाने समजले नाही.

आता त्या गव्हाणीत केवळ एक भावी गुरू निजला होता असे मानले, तर त्या जन्मातून एवढेच कळते की काही थोर माणसे गरिबीत जन्मतात. परंतु तेथे निजलेला स्वतः देव असेल, तर कोपीतल्या त्या मुलाजवळून मला नजर चुकवून जाता येत नाही, कारण देवाने आपली जागा तेथे निवडली आहे. या माझ्या अगदी लहान भावांपैकी एकाला तुम्ही जे केले ते मला केले, हे मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातले वाक्य बोलणारा कोण आहे, यावरच त्या वाक्याचे वजन ठरते. आमच्या बायका त्या फडावर घोंगड्या आणि दूध घेऊन जातात, ते मूल मराठी बोलणाऱ्या आईचे आहे की कन्नड बोलणाऱ्या, कोणत्या जातीचे आहे, हे विचारत नाहीत. आणि निघण्यापूर्वी त्या गव्हाणीपुढे हात जोडूनच निघतात. भक्ती आणि आचरण यांपैकी एक निवडा, असे आपण सुचवता. त्यांच्या आयुष्यात ही दोन कामे मला कधीच वेगळी दिसलेली नाहीत.

मत्तय आणि लूक यांच्या वंशावळी जुळत नाहीत, हा आपला एक मुद्दा मी येथे मुद्दाम घेतलेला नाही. पुढचे चिंतन मत्तयाच्या पहिल्या अध्यायावरच आहे. त्या यादीत तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको या चौघींची नावे का आली असावीत, हे मला तपासायचे आहे, आणि वंशावळींचा प्रश्न त्याला लागूनच येतो. तेही आपण असेच कसोशीने वाचावे आणि जेथे पटणार नाही तेथे अवश्य लिहावे.

आपला नम्र