स्पोर्ट मोड नको, ट्रॅफिक दाखवा!

स्पोर्टी गाडीची टेस्ट ड्राइव्ह म्हटली की सगळीकडे तोच प्रकार. गुळगुळीत मोकळा रस्ता, ठरलेली छोटीशी फेरी आणि शेजारी सेल्समनचा घोशा, ‘सर, स्पोर्ट मोड टाका, पिकअप बघा!’ अहो, बघितला पिकअप. पण मला रोज ऑफिसला जायचंय, शर्यतीत नाही! ड्युअल क्लच गिअरबॉक्स, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मोकळ्या रस्त्यावर लोण्यासारखा चालतो; धक्के जाणवतात ते गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंच इंच सरकताना. १८ इंची चाकं, त्यावर पातळ टायर, वर कडक सस्पेन्शन, म्हणजे खड्ड्याचा दणका थेट कंबरेत. म्हणून खराब रस्त्याने नेऊ का विचारलं, तर ‘रूट फिक्स आहे सर’. मागे बसून बघतो म्हटलं की लगेच चेहरा पडतो. म्हाताऱ्या आईला त्या खोल सीटवरून उठता येईल का, हे काय ब्रोशरमध्ये वाचायचं? डिकी किती लिटरची ते छापतात, तिचं तोंड किती अरुंद आहे ते कोण सांगणार? वर्षानुवर्षं वापरायची वस्तू आणि पारखायला दहा मिनिटं! निदान तासभर गाडी द्या, आणि तीही ऐन गर्दीच्या वेळेला.