बडोद्यात बसून चेरी बिअरचे जाणकार कसे व्हावे

आधी एक भीती काढून टाका. जाणकार व्हायला बिअर प्यावी लागत नाही. लागली असती, तर १ मे १९६० पासून बडोद्यात एकही जाणकार जन्मला नसता. त्या दिवशी वाटणीत मुंबई तिकडे गेली आणि १९४९ चा दारूबंदी कायदा आपण देवघरात ठेवून घेतला.

सुरुवात नावापासून. चेरी बिअर म्हणायचं नाही, ‘क्रीक’ म्हणायचं. फ्लेमिश भाषेत आंबट चेरीला क्रीक म्हणतात एवढं सांगून जरा थांबायचं. समोरून ‘हो का?’ आलं की ब्रसेल्स काढायचं. तिथे जवागव्हाचा उकळलेला काढा रात्री उथळ, उघड्या हौदात निवत ठेवतात. विरजण लावत नाहीत, हवेतलं यीस्ट आपणहून येऊन पडतं. मग तो ओकच्या पिंपात मुरतो, आणि त्यात चेरी घालतात त्या बियांसकट. बियांमुळे मागून हलकी बदामाची चव येते. हौदात निववणं मात्र फक्त थंडीत, कारण उन्हाळ्यात हवेतून नको ते पाहुणेही उतरतात. इथे आई स्वयंपाकघरातून म्हणेल, “म्हणजे ढोकळ्याचं पीठच की!” तिला अडवू नका. त्या खोलीत विषय कळलेली तेवढी एकच असते.

आता तुलना. लिंडेमन्सची क्रीक गोड, साडेतीन टक्क्यांची. तिला ‘पोरकट’ म्हणून सोडून द्यायचं. कांतिलॉनची आंबट, तिला ‘प्रामाणिक’ म्हणायचं. प्रामाणिक म्हणजे पहिल्या घोटाला एक डोळा आपोआप मिटतो ती. खोकल्याच्या औषधाची आठवण झाली तरी तो शब्द तोंडातून जाता कामा नये. खुशाल ‘घोड्याच्या घोंगडीचा वास’ म्हणा. लँबिकच्या, म्हणजे अशा हवेतल्या यीस्टवर आंबलेल्या बिअरच्या, दुनियेत ही चक्क स्तुती आहे, आणि गायकवाडी पागेच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या दांडिया बाजारात तर कोणी हसणारही नाही.

प्रात्यक्षिकासाठी बेल्जियममधला पुतण्या बरा. भरलेली बाटली मागवायची नाही, स्टेशनवर झडती झाली तर क्रीकचं व्याकरण पोलिसांना समजावत बसावं लागेल. रिकामी मागवायची. आमच्याकडे अशी एक आली. बुचासकट. सात जणांनी तिचा वास घेतला. साठ्ये काकांना त्यात ओक लागला, जोशींना बदाम, त्यांच्या जावयाला ‘लांबणारा शेवट’. बाटली शेवटी आजीकडे गेली. तिने नाकाला लावली, उलटी करून खिडकीपाशी धरली आणि म्हणाली, “लोणच्याची बरणी आहे ना? नीट धुतलेली नाही.”

पुढच्या फेरीला पानाच्या गल्ल्यावरून ‘फ्रूट बिअर’ आणा. तिच्यात अल्कोहोल नाही, फक्त साखर आणि बुडबुडे. स्टीलच्या पेल्यांत ओता, सोबत शेवउसळ ठेवा, पेला उजेडाकडे धरून रंग बघा. स्टीलमधून दिसत नाही, तरी बघा.

आमच्या बाटलीत हल्ली मनीप्लँट आहे. जावई येता-जाता अजून वाकून वास घेतो.