‘ज्याला करायचं तो करतोच’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सोलापूरकडच्या खेड्यांतल्या बायकांना धंदा करताना काय काय आडवं येतं, हे मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, ‘बचत गट आहेत, अनुदान आहे, बिनतारण कर्ज आहे, तरी गाडी पापड-लोणच्यापुढे जात नाही. अडचणी कुणाला नसतात? ज्याला करायचं तो करतोच. मी बार्शीत शून्यातून किराणा दुकान उभं केलं.’

तुमचं एक म्हणणं सरळ मान्य. नुसते कर्जापुरते जमलेले गट मीही पाहिलेत. बैठक कागदावर, बचत कागदावर. आणि एकाच गावातल्या पाच गटांना पापडाचंच प्रशिक्षण दिलं, तर ते पापड घ्यायचे कुणी? हे लेखात यायला हवं होतं, राहून गेलं.

पण बायकांना करायचंच नसतं, हे मला पटत नाही. का, ते एका घरातलं सांगते.

मोहोळ तालुक्यातली एक ताई कडक भाकरी करून विकते. पहाटे चारला तिची चूल पेटते. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग कडकडीत होईपर्यंत चुलीच्या धगीला उभी करून ठेवायची. मधे कुठे ओल राहिली तर बुरशी धरते, म्हणून ती प्रत्येक भाकरीवर टिचकी मारून आवाज ऐकते. बद्द आवाज आला की भाकरी परत धगीला. आठ वाजता हे काम थांबतं, कारण पोरांचे डबे, सासूचं औषधपाणी आणि मग रानात खुरपण. चारच्या सुमाराला पुन्हा चूल.

सोलापुरातला दुकानदार तिचा माल उचलतो, पण पैसे महिन्याने देतो. ज्वारीचं पोतं, जळण, पिशव्या मात्र रोख. त्यात खतवाल्याची उधारी निघाली की घरचे म्हणतात, ‘तुझ्याकडं हाईत की भाकरीचे.’ तो पैसा धंद्याचा आहे, उद्याचं पोतं त्यातूनच यायचंय, हे घरात कुणाच्या गणतीतच नाही. गेल्या आषाढीला पंढरपूरची मोठी ऑर्डर आली, तेव्हा ज्वारी घ्यायला हातात पैसा नव्हता. ऑर्डर सोडावी लागली. गावात काय म्हणाले? बाईला झेपलं नाही.

तुमचे कष्ट मी कमी लेखत नाही. पण तुमच्या गल्ल्यात घरच्या कुणी असा हात घातला असता, तर दुकान उभं राहिलं असतं का? माल भरायला निघताना घरी स्वयंपाक कोण करणार, हे तुम्हाला कुणाला विचारावं लागलं का?

म्हणून मला वाटतं, खरी अडचण खेळत्या भांडवलाची आणि वेळेची आहे, आणि आपली मदत मशीनभोवती फिरते. २०२० साली आलेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेचंच घ्या. उद्योगाला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं. त्याच योजनेत बचत गटाच्या सभासदामागे ४०,००० रुपयांचं बीजभांडवलही आहे, खेळत्या भांडवलासाठी आणि लहानसहान अवजारांसाठी. मी ज्या बायकांशी बोलले त्यांना ३५ टक्के तोंडपाठ होते. ४०,००० चं कुणी सांगितलंच नव्हतं.

बिनतारण कर्जाचंही तेच. मुद्रा योजनेत २०१५ पासून ५०,००० पर्यंतच्या शिशु कर्जाला तारण नाही. तरी एका बँकेत या ताईकडे नवऱ्याची सही आणि सासऱ्याच्या नावचा सातबारा मागितला. नवऱ्याचं पीककर्ज थकलेलं. फाईल तिथेच राहिली.

मग हललं कसं? उमेद या राज्य सरकारच्या ग्रामीण उपजीविका अभियानातली बँक सखी, म्हणजे गटातल्या बायकांना बँकेच्या कामात मदत करणारी बाई, तिच्यासोबत तीन वेळा बँकेत गेली, आणि शेवटी कर्ज गटाच्या नावावर झालं. ज्वारी निघाल्यावर, भाव उतरलेला असताना, गटाने मिळून पोती भरली आणि कडुनिंबाचा पाला घालून ठेवली. विक्रीचा पैसा आता गटाच्या खात्यात जातो, त्यामुळे घरी मागायला काही उरत नाही. मला यातलं हे खातं सगळ्यात मोलाचं वाटतं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय, म्हणून दोघी मिळून माल पोचवायला जातात आणि निम्मे पैसे जागेवर घेऊन येतात. एकटीला दुकानदार ‘पुढच्या वेळी या’ म्हणायचा.

आपल्या शेजारी म्हसवडला चेतना गाला सिन्हांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू केली. परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला होता, सभासद बायका निरक्षर म्हणून. त्या बायका लिहायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. पण नुसती त्यांची जिद्द सांगून भागत नाही. रोजंदारी बुडवून शाखेत यायला जमत नाही, म्हणून ती बँक बायकांच्या दारात गेली, हेही सांगायला हवं.

आता तुम्हाला एक विचारते, मनापासून. या ताईची कडक भाकरी तुमच्या दुकानात ठेवाल का? निम्मे पैसे माल उतरताना, उरलेले पंधरा दिवसांनी. तयार असाल तर इथेच कळवा, मी तिच्याशी बोलते. नमुन्याची पिशवी ती आधी पाठवेल.