महत्त्वाकांक्षा नाही म्हणे!

आज बचत गटांच्या मेळाव्यात व्यासपीठावरून ऐकलं, "बायका धंदा वाढवायला घाबरतात, महत्त्वाकांक्षाच नसते." उदाहरण दिलं चकली करणाऱ्या एका ताईंचं. का, तर त्यांनी दुकानदाराची 50 किलोची ऑर्डर नाकारली. ताई समोरच बसल्या होत्या. डोकंच फिरलं.

ऑर्डर काय होती, हे विचारलं का कुणी? 320 रुपये किलो, पैसे 60 दिवसांनी, उरलेला आणि तुटलेला माल परत. भाजणी, तेल, गॅस, पिशव्या, मदतनीस बाईची मजुरी मिळून किलोला 200 रुपये रोख जातात. म्हणजे 10,000 आधी घरातून घालायचे. 10 किलो परत आली की हातात येणार 12,800. उरले 2,800, आणि यात ताईंच्या स्वतःच्या कष्टाचा एक रुपया धरलेला नाही.

घरचं आवरून एका कढईवर दिवसाला 5 किलो होते. शेवटचा घाणा निघेपर्यंत पहिला दहा दिवसांचा. पुढे दुकानात पडून राहिली की खवट वास, आणि नाव ताईंचं जाणार. मोहन वाढवलं तर टेम्पोत चुरा, कमी केलं तर कडक. घरी येऊन नेणाऱ्या गिऱ्हाइकाला ही अडचणच नाही. तिथे त्या आठवड्याला 8 किलो विकतात, 400 रुपयांनी, रोख. त्यातून मुलीची फी जाते, कुणापुढे हात न पसरता. याच्यासाठीच तर सुरू केलं ना त्यांनी!

हो, काही जणी झेपणारी ऑर्डरही सोडतात. मान्य.

पैसे वेळेत मिळावेत म्हणून कायदा आहे म्हणाल. आहे. छोट्या उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी फुकट होते, आणि मग माल बनवणाऱ्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसला तर 15 दिवसांत द्यावे लागतात. नोंदणी जरूर करा, बिलावर नंबर छापा. पण तक्रार केल्यावर तोच दुकानदार पुन्हा माल घेईल? कर्जाचंही तेच. ठरावीक रकमेपर्यंत तारण मागायचं नाही असा नियम, तरी पहिला प्रश्न, घर कुणाच्या नावावर? घर नवऱ्याच्या, सातबारा सासऱ्यांच्या.

1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं. तिथली पद्धत बघा. मळलेलं पीठ घरी न्यायचं, पापड लाटून परत द्यायचे, मजुरी हातात. भांडवल बाईच्या अंगावर नाही, न खपलेला मालही नाही. अशा रचनेवर हजारो बायकांनी तो धंदा केवढा वाढवला! तेव्हा कुठे आडवी आली ती भीती?

मेळावा संपल्यावर ताई शांतपणे म्हणाल्या, "निम्मे पैसे आधी, आठवड्याला 12 किलो, माल परत नाही. मग उद्यापासून देते." गॅसची दुसरी शेगडीही बघून ठेवली आहे त्यांनी. यादीतल्या दुकानदार मित्रांनो, या अटी जमत असतील तर मेसेज करा. गाठ घालून देते.