मूर्ती लहान, कीर्ती बेताची

बुटक्या माणसाला सर्वांत जास्त त्रास उंच माणसांकडून होतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. पाच फूट दोन इंच, म्हणजे सुमारे १५७ सेंटीमीटर, एवढ्या उंचीवरून जगाकडे पाहणाऱ्याच्या अधिकाराने मी सांगू शकतो की तो समज खरा नाही. उंच माणूस फार तर नाट्यगृहात नेमका आपल्या पुढच्या खुर्चीवर येऊन बसतो, किंवा लोकलच्या गर्दीत आपले नाक त्याच्या काखेच्या पातळीवर येते. पण त्यात त्याचा काही हेतू नसतो. हेतुपुरस्सर छळ होतो तो सांत्वन करणाऱ्यांकडून. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ हे वाक्य मी कळू लागल्यापासून ऐकत आलो आहे, आणि त्यातला पहिला अर्धा भाग मी कोणत्याही प्रयत्नाविना पार पाडल्यामुळे, उरलेल्या अर्ध्या भागाची वाट पाहणाऱ्यांची संख्या आमच्या नातलगांत बरीच मोठी आहे.

त्यांच्या अग्रभागी आमची आत्या. "अरे, उंचीचं काय घेऊन बसलास? गावसकरांकडे बघ, सचिनकडे बघ, शास्त्रीजींकडे बघ!" मी निमूटपणे बघतो. गावसकरांनी १९८७ मध्ये कसोटी क्रिकेटमध्ये दहा हजार धावांचा टप्पा जगात सर्वप्रथम गाठला, सचिनने २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय शतकांचे शतक पुरे केले, आणि लालबहादूर शास्त्रींनी १९६५ च्या युद्धात उंचनिंच, धिप्पाड अयूब खानांना अंगापिंडावरून माणसाची परीक्षा करू नये हे दाखवून दिले. इतके बघून झाल्यावर मी स्वतःकडे बघतो, तेव्हा एका सरकारी कार्यालयात आवक-जावक नोंदवही सांभाळणारा वरिष्ठ लिपिक दिसतो. म्हणजे सांत्वनापूर्वी मला केवळ उंचीचे वैषम्य वाटत असे. सांत्वनानंतर उंची, धावा आणि पंतप्रधानपद अशा तिन्ही बाबतींत आपण कमी पडलो, हे नव्याने लक्षात येते. सहा फुटी माणसाचे असे नसते. तो निवांतपणे लिपिक होऊ शकतो, साडेपाचला घरी येऊन चहा पिऊ शकतो, आणि "अरे, अमिताभ बच्चनकडे बघ" असे त्याला कोणीही म्हणत नाही. उंच माणसाला सामान्य राहण्याची मुभा आहे. बुटक्याने मात्र कमी पडलेले सेंटीमीटर कर्तृत्वाच्या रूपाने, व्याजासकट, समाजाला परत करायचे असतात.

या थोर बुटक्यांची यादीही बारकाईने तपासली तर फसवी निघते. गावसकर आणि सचिन हे दोघेही पाच फूट पाच इंच, म्हणजे १६५ सेंटीमीटर उंचीचे. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार १९९६ साली जन्मलेल्या भारतीय पुरुषांची सरासरी उंचीदेखील जवळजवळ तेवढीच भरते, आणि महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायचे असेल तर पुरुष उमेदवाराला किमान तेवढीच उंची लागते. म्हणजे आत्याचे आदर्श बुटके हे देशाच्या सरासरीचे, पोलीस भरतीला पात्र असे गृहस्थ आहेत. त्यांना बुटके ठरवून माझे सांत्वन करणे, हा माझ्यावर तर अन्याय आहेच, पण त्यांच्यावरही आहे. नेपोलियनची तीच कथा. त्याची उंची पाच फूट दोन इंच नोंदवली गेली ती फ्रेंच मापात. तो इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा असल्यामुळे आजच्या हिशेबाने तो सुमारे १६८ सेंटीमीटरचा, म्हणजे त्या काळच्या फ्रान्समध्ये चांगला चारचौघांसारखा होता. इंग्रज व्यंगचित्रकारांनी त्याला ठेंगू रंगवला आणि तो कायमचा आमच्या गळ्यात मारला. राहता राहिला वामन. परंतु ही कथा सांगणारे हे विसरतात की बळीराजासमोर निर्णायक घटका येताच वामन बुटका राहतच नाही. दोन पावलांत पृथ्वी आणि स्वर्ग व्यापण्याची सवलत मिळाली असती, तर आवक-जावक विभागाची माझीही काही तक्रार नव्हती.

सांत्वनाच्या आधीचा कालखंड उपायांचा होता. शेजारच्या काकांच्या सल्ल्याने मी शाळेत असताना सिंगलबारला लोंबकळत असे, आणि त्याचा परिणाम म्हणून सिंगलबार किंचित वाकला. हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चा पौगंडावस्था सरता सरता पक्क्या हाडात बदलतात आणि त्यानंतर लोंबकळून काही साधत नाही. शिवाय माणसामाणसांच्या उंचीतला बहुतांश फरक आनुवंशिक असतो, हे ज्ञान मला पुढे झाले. ज्या आत्याने माझे सांत्वन आरंभले ती स्वतः चार फूट नऊ इंचांची आहे, हे लक्षात घेता या प्रकरणात तिचा पक्ष संपूर्ण निर्दोष आहे असे मला वाटत नाही.

त्या वाचनातून एक आशेचा किरण मात्र सापडला. रात्री आडवे झाल्यावर मणक्यांमधल्या चकत्या फुगतात आणि दिवसभरात पुन्हा दबत जातात, त्यामुळे सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटीमीटर उंच असतो. माझ्या लग्नाच्या वेळी वधूवर सूचक मंडळाच्या अर्जात मी भरलेली उंची भल्या पहाटेची होती आणि मुलगी पाहण्याचा कार्यक्रम, प्रथेप्रमाणे, संध्याकाळी पोह्यांच्या वेळी ठरला. अंतराळवीरांची उंची अंतराळात तीन टक्क्यांपर्यंत वाढते, असेही वाचले. मी लगेच हिशेब केला. पृथ्वीभोवती घिरट्या घालूनही मी १६२ च्या आत राहतो, म्हणजे तेथेही पोलीस भरतीस अपात्रच.

न्यूनगंडाचा विचार जगाला देणारे आल्फ्रेड ॲडलर हे मानसशास्त्रज्ञ १८७० साली व्हिएन्नाजवळ जन्मले आणि लहानपणी मुडदुसामुळे त्यांना चालायलाही उशीर झाला. मोठ्यांच्या जगात प्रत्येक मूल लहान आणि दुबळे असते, म्हणून कमीपणाची भावना प्रत्येकाच्या वाट्याला येतेच, असे ते म्हणत. इथपर्यंत माझी त्यांच्याशी पूर्ण सहमती आहे. सगळेच जण आयुष्याचा आरंभ बुटके म्हणून करतात, आम्ही काही जण त्यात सातत्य राखतो एवढेच. परंतु ती उणीव भरून काढण्यासाठी माणूस धडपडतो आणि मोठा होतो, असे ते पुढे सांगू लागले की मला त्यांच्यातही आत्याचा आवाज ऐकू येतो. उणीव भरून न काढता ती तशीच बाळगणाऱ्या माणसासाठी कोणी फारसे लिहिलेले दिसत नाही.

वास्तविक तसे जगता येते. कमीपणाची भावना गेली, असे मी म्हणणार नाही. पागडीच्या भाडेकरूसारखी ती कायमची आहे. तिला बाहेर काढता येत नाही आणि तिच्याकडून मिळणेही काही नसते. लिफ्टमध्ये कोणी उंच माणूस शिरला की माझा कणा आजही आपोआप ताठ होतो. मात्र टाचेखाली दडवायच्या गाद्या मी सोडल्या आहेत. नवी पँट अल्टर करायला देताना "थोडीशीच कापा" असे खोटे न सांगता सरळ पूर्ण माप देतो, आणि कापून उरलेल्या कापडाच्या आई पिशव्या शिवते, त्या इमारतीत लोकप्रिय आहेत. आत्यालाही एकदा शांतपणे सांगितले, "आत्या, मी बुटका आहे आणि लिपिक आहे. दोन्ही पूर्णवेळ." तिने क्षणभर विचार केला आणि "अरे, पण बढतीचं बघ ना काहीतरी," असे म्हणाली.

गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टाकीवर बोलायला मी उभा राहिलो, तेव्हा माईक माझ्या कपाळासमोर होता. पूर्वी मी मान उंचावून, चवड्यांवर उभे राहून भाषण उरकले असते. या वेळी मी माईक खाली घ्यायला सांगितले, स्टँडचा गंजलेला स्क्रू सैल होईपर्यंत अख्ख्या सभेला थांबवले आणि मगच बोललो. माझ्यानंतर आमचे सहा फुटी सचिव आले. तो स्क्रू पुन्हा सैल करायला सांगण्याचा त्यांना संकोच वाटला असावा; दुरुस्ती निधीचा सगळा अहवाल त्यांनी कमरेत वाकून वाचला. पहिल्या रांगेत बसून मी तो लक्षपूर्वक ऐकला. सचिवांना चष्मा आहे, हे मला त्या दिवशी प्रथम समजले.